आइस हॉकीची पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा नेमकी कुठली? (शामोनी, बर्लिन, अँटवर्प आणि बराच गोंधळ)

बर्फगोळा:

फुटबॉलचा पहिला विश्वचषक १९३०, क्रिकेटचा १९७५. विषय संपला. आइस हॉकीत हाच प्रश्न विचारला की तीन-चार उत्तरं येतात आणि प्रत्येक उत्तर देणाऱ्याकडे पुरावा असतो.

आंतरराष्ट्रीय महासंघाच्या यादीत पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा म्हणून १९२० सालचं अँटवर्प (बेल्जियम) लिहिलेलं आहे. गंमत अशी की १९२० मध्ये तिथे खेळणाऱ्या कुणालाही आपण जागतिक अजिंक्यपदासाठी खेळतोय हे माहीत नव्हतं. ते ऑलिंपिक होतं, तेही उन्हाळी. जगज्जेतेपदाचा शिक्का नंतर मारला गेला. स्वतःच्या पायावर उभी राहिलेली जागतिक स्पर्धा व्हायला १९३० उजाडावं लागलं. आणि या दोन्हीच्या आधी युरोपात सहा वर्षं स्पर्धा चालू होत्या, ज्यांचा उल्लेख बहुतेक ठिकाणी एका ओळीत उरकलेला असतो. मला याच सहा वर्षांबद्दल लिहायचंय, म्हणून हा धागा.

१५ मे १९०८. पॅरिसमध्ये बैठक भरते आणि 'लीग इंटरनॅशनल द हॉकी सूर ग्लास' नावाची संघटना जन्माला येते. आजच्या महासंघाची ही आजी. पहिला अध्यक्ष लुई मॅग्नस, फ्रेंच माणूस, स्वतः फिगर स्केटिंगमधला राष्ट्रीय विजेता. वर्ष संपेपर्यंत सदस्य पाच: फ्रान्स, बेल्जियम, स्वित्झर्लंड, ग्रेट ब्रिटन आणि बोहेमिया (प्रागच्या आसपासचा चेक मुलूख). पुढच्या वर्षी जर्मनी आला.

यादी पुन्हा वाचा. ज्या देशाने हा खेळ घडवला तो कॅनडा यात नाही. अमेरिकाही नाही. मॉन्ट्रियलमध्ये १८७५ साली बंदिस्त रिंकमध्ये (बर्फाच्या मैदानात) सामना झाला होता, कॅनडातला स्टॅन्ली चषक १८९३ पासून दिला जात होता, १९०८ पर्यंत तिकडे पैसे घेऊन खेळणारे खेळाडू होते. आणि त्या खेळाची जागतिक संघटना कुठे निघते, तर पॅरिसला, ज्यांच्याकडे मोजके क्लब आणि त्याहून मोजक्या रिंक होत्या! कॅनडाला त्यात रस नव्हता. आठवडाभर बोटीने प्रवास करून नवशिक्यांना हरवायला कोण जाणार?

पहिली स्पर्धा जानेवारी १९०९ मध्ये, फ्रान्समधल्या शामोनीला. माँ ब्लाँच्या पायथ्याशी, उघड्यावर, नैसर्गिक बर्फावर. जिंकला लंडनचा 'प्रिन्सेस' क्लब, ग्रेट ब्रिटनच्या नावाने. हा क्लब मेजर पॅटन यांनी १८९७ च्या सुमारास नाइट्सब्रिजच्या रिंकवर सुरू केला होता. ब्रिटिश का जिंकले याचं उत्तर त्या रिंकमध्येच आहे: तिथे कृत्रिम बर्फ होता. बाकीचे थंडीची वाट पाहायचे आणि तळं गोठलं की सराव करायचे.

दुसऱ्या वर्षी, जानेवारी १९१० मध्ये, स्वित्झर्लंडमध्ये मोंत्रोच्या वरच्या डोंगरात ले झावाँ नावाच्या छोट्या गावात पहिली अधिकृत युरोपीय अजिंक्यपद स्पर्धा. चार संघ. ब्रिटन पहिला, जर्मनी दुसरा, बेल्जियम तिसरा, यजमान स्विस शेवटचे. पाचवा संघही बर्फावर उतरला होता: ऑक्सफर्डला शिकणाऱ्या कॅनेडियन विद्यार्थ्यांचा. ते खेळले, पण त्यांचे निकाल धरले नाहीत. युरोपच्या पहिल्या अजिंक्यपदात सगळ्यात सराईत संघ पाहुणा म्हणून खेळून गेला आणि गुणतक्त्यात त्याचं नावच नाही.

मला वाटतं, आंतरराष्ट्रीय आइस हॉकीचा खरा आरंभ शामोनीपासूनच आहे. अँटवर्प नव्हे. मतं येऊ द्या. बोहेमियाबद्दल मुद्दामच लिहिलं नाही, इथे एक प्रागवाले आहेत, ते लिहितील.

---

पेठेतला_पाटीवाला:

लेख छान, पण 'खरा आरंभ' वगैरे शब्द वापरलेत की आमच्यासारख्यांना खाज सुटते.

१८८३ साली मॉन्ट्रियलच्या हिवाळी जत्रेत आइस हॉकीची स्पर्धा झाली, मॅकगिल विद्यापीठ जिंकलं. ती देशांतर्गत म्हणून सोडा. पण १८८६ मध्ये अमेरिकेत, व्हरमाँटमधल्या बर्लिंग्टनच्या जत्रेत मॉन्ट्रियलचे दोन संघ सीमा ओलांडून गेले आणि तिथल्या स्थानिक संघाशी खेळले. दोन देश, एक स्पर्धा. मग ही आंतरराष्ट्रीय नाही का? पॅरिसच्या बैठकीला तेव्हा बावीस वर्षं अवकाश होता.

---

बर्फगोळा:

पाटीवाले, दोन शेजारच्या गावांतले क्लब खेळले आणि मध्ये सीमा आली म्हणून ती देशांची लढत होत नाही. बर्लिंग्टनमध्ये कुणी देशाच्या नावाने खेळलं नाही. शामोनीत क्लबच होते हे कबूल, पण ते देशाचे प्रतिनिधी म्हणून गेले होते आणि त्यांच्यामागे एक संघटना, एक नियमावली, एक नोंदवही होती. माझी रेघ तिथे आहे.

---

पेठेतला_पाटीवाला:

म्हणजे कागद असेल तर स्पर्धा, नसेल तर जत्रा. बरं.

---

प्राग_मुक्काम:

बोलावणं आलं म्हणून लिहितो. इथे हा विषय काढला की कुठल्याही बियरखान्यात दोन तास जातात.

आधी राजकारण. १९०८ मध्ये बोहेमिया हा देश नव्हता, ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्याचा एक प्रांत होता. राजधानी व्हिएन्ना, सम्राट व्हिएन्नात. तरी चेक लोकांनी खेळापुरतं वेगळं नाव मिळवायचा सपाटा लावला होता. ऑलिंपिकमध्ये ते बोहेमिया म्हणून उतरत होते. फुटबॉलमध्येही प्रयत्न केला, पण ऑस्ट्रियाच्या दबावाखाली फिफाने १९०८ मध्ये त्यांना बाहेर काढलं. आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात आइस हॉकीच्या नव्या संघटनेने त्यांना आत घेतलं. मॅग्नसना सदस्य हवे होते, चेकना मान्यता हवी होती. त्यामुळे चेकांसाठी ही नुसती खेळाची गोष्ट कधीच नव्हती.

आता शामोनी १९०९. संघटनेत नाव नोंदवून दोन महिने झाले होते. प्रागमध्ये तोवर जे चालायचं ते बँडी: चेंडू, वाकडी आखूड काठी, मोठं मैदान. पकने, म्हणजे चपट्या रबरी चकतीने, कॅनेडियन पद्धतीने खेळायची सवय जवळपास शून्य. तशा अवस्थेत हे लोक आगगाडीत बसले आणि आल्प्समध्ये पोचले. गल्लीत रबरी चेंडूने खेळणाऱ्या पोरांना एकदम सीझन बॉलसमोर उभं करावं तसं झालं. पहिल्याच सामन्यात फ्रान्सकडून १-८. नंतर ब्रिटिशांनी धुतलं. चारही सामने हरून शेवटचा क्रमांक.

१९१० ला ते गेलेच नाहीत. आणि फेब्रुवारी १९११ मध्ये बर्लिनला दुसरी युरोपीय स्पर्धा झाली, ती बोहेमियाने जिंकली. तिन्ही सामने जिंकून, यजमान जर्मनीला त्यांच्या घरात हरवून.

दोन वर्षं! कुठलाही खेळ दोन वर्षांत कुणी शेवटून पहिला येण्याइतका शिकत नाही, असं म्हणायचा मोह होतो. पण दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे स्केटिंग त्यांना येतच होतं, बँडीने पाय तयार केले होते. नवी फक्त काठी आणि पक. दुसरी म्हणजे बाकी युरोपही फार पुढे नव्हता. संघ मूठभर, प्रत्येक देशात दर्जेदार खेळाडू दहा-बारा. एका पिढीतल्या सात-आठ मित्रांनी मन लावलं तर युरोप जिंकता येत होता. १९११ ला ब्रिटनही आला नव्हता, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. बियरखान्यात सांगत नाहीत.

आणि मग १९१२. स्पर्धा प्रागमध्येच. संघ तीन: बोहेमिया, जर्मनी, ऑस्ट्रिया. बोहेमिया पहिला. आनंदीआनंद. जर्मनीने तक्रार केली की ऑस्ट्रिया संघटनेचा सदस्यच नाही, मग त्यांच्याशी झालेले सामने कसले अधिकृत? मार्चमध्ये संघटनेच्या बैठकीत स्पर्धाच रद्दबातल. ऑस्ट्रियाला सदस्यत्व मिळालं ते स्पर्धेनंतर, त्याच मार्चमध्ये. म्हणजे बोहेमियाने मैदानात जिंकलेलं अजिंक्यपद गेलं ते ऑस्ट्रियाच्या कागदपत्रांमुळे. व्हिएन्नाने आपलं काय काय घेतलं याची चेकांची यादी मोठी आहे, त्यात ही एक भर.

१९१३ ला म्युनिकमध्ये बेल्जियम जिंकला, १९१४ ला बर्लिनमध्ये पुन्हा बोहेमिया. त्यानंतर चार महिन्यांनी सारायेव्होत गोळ्या झाडल्या गेल्या आणि पहिलं महायुद्ध पेटलं.

---

अबोली_सातारा:

वाचतेय, भन्नाट आहे. एक बाळबोध शंका: सगळे एकाच नियमाने खेळत होते का? चेंडूवाले आणि पकवाले एकाच स्पर्धेत कसे?

---

बर्फगोळा:

अबोली, बाळबोध अजिबात नाही. सुरुवातीला हाच मोठा घोळ होता. युरोपात 'हॉकी' म्हटलं की बऱ्याच जणांच्या डोळ्यासमोर बँडीच यायचं. इंग्लंडमधून ते पसरलेलं, फुटबॉलएवढं मैदान, अकरा-अकरा खेळाडू. शामोनीला पक आला तरी नियमांचा मेळ बसायला वेळ गेला. मार्च १९११ मध्ये संघटनेने कॅनडाचे हौशी नियम अधिकृतपणे स्वीकारले. म्हणजे कॅनडा सदस्य नसताना कॅनडाचा कायदा लागू झाला.

संघात तेव्हा सात जण. आजच्या सहाला एक जास्त, 'रोव्हर' म्हणून, जो कुठेही फिरायचा.

आणि रिंकचा मुद्दा राहिलाच. जर्मनीला बर्लिनमध्ये १९०८ पासून कृत्रिम बर्फाचा महाल मिळाला होता. त्यानंतर युरोपीय स्पर्धांत जर्मन संघ कायम पहिल्या तिनात दिसतो. थंडी किती पडते यापेक्षा शहरात बर्फ करायचं यंत्र आहे का, हे जास्त महत्त्वाचं होतं. नाहीतर दमट, कोमट हिवाळ्याचे बेल्जियन १९१३ ला युरोपात पहिले आले नसते.

(पाटीवाल्यांनी विचारण्याआधीच: हो, १९१२ ते १९१४ या काळात याच संघटनेची दुसरी एक 'लीग अजिंक्यपद' स्पर्धाही समांतर चालू होती. ब्रसेल्स, सेंट मॉरिट्झ, शामोनी. पहिल्या दोन जर्मनीने जिंकल्या, तिसरी ब्रिटनने. मोजके संघ आणि वर्षाला दोन-दोन अजिंक्यपदं.)

---

टोरांटोकर:

तुम्ही सगळे युरोपात रमलात, आता जरा अटलांटिक ओलांडा. अँटवर्पला नुसता 'नंतर मारलेला शिक्का' म्हणून उडवू नका. तिथे जो संघ जिंकला त्याची गोष्ट इकडे शाळेत मुलांना सांगतात.

विनिपेग फाल्कन्स. एक खेळाडू सोडला तर सगळे आइसलँडहून आलेल्या कुटुंबांतली पोरं. फाल्कन म्हणजे ससाणा, आइसलँडचा मानाचा पक्षी. विनिपेगच्या वेस्ट एंड भागात ही वस्ती. शहरातल्या प्रतिष्ठित क्लबांच्या लीगमध्ये या 'परदेशी' पोरांना घ्यायला कुणी तयार नव्हतं, म्हणून त्यांना बाहेरच्या लीगमध्ये खेळावं लागलं.

मग महायुद्ध. संघातले बरेच जण एकत्र सैन्यात भरती झाले, २२३ व्या बटालियनमध्ये, जी स्कँडिनेव्हियन मुळाच्या लोकांची होती. दोघे परत आलेच नाहीत: फ्रँक थॉर्स्टाइनसन आणि जॉर्ज कंबर्स. कर्णधार फ्रँक फ्रेड्रिकसन पुढे वैमानिक झाला. मे १९१८ मध्ये इजिप्तहून निघालेलं त्याचं जहाज 'लिझो कासल' भूमध्य समुद्रात पाणतीराने बुडवलं. तो वाचला, आणि वाचताना हातात त्याचं व्हायोलिन होतं. व्हायोलिन वाजवणारा वैमानिक हॉकीपटू! कादंबरीत लिहिलं तर संपादक 'जरा जास्त होतंय' म्हणून खोडेल.

युद्धानंतर संघ पुन्हा उभा राहिला. १९२० च्या मार्चमध्ये त्यांनी टोरांटो विद्यापीठाला हरवून ॲलन चषक जिंकला. ॲलन चषक म्हणजे कॅनडाचं हौशी अजिंक्यपद, आणि तो जिंकणाऱ्यानेच अँटवर्पला जायचं होतं. 'राष्ट्रीय संघ निवडणे' हा प्रकारच नव्हता, जिंकलेला क्लब तो देश. ही पद्धत कॅनडाने पुढे कित्येक दशकं चालवली.

वेळ इतका कमी होता की पोरं विनिपेगला घरी न जाता टोरांटोहूनच निघाली. कपडेसुद्धा वाटेत घेतले. सेंट जॉन बंदरातून 'मेलिटा' जहाज. सोबत लाकूड घेतलं होतं, जहाजावरच्या सुताराने त्यातून स्टिका घडवल्या अशी कथा सांगतात.

अँटवर्पची रिंक फारच छोटी होती, सुमारे ५६ मीटर लांब आणि १८ मीटर रुंद. बाजूला टेबलं मांडलेली, वाद्यवृंद वाजतोय, लोक खात-पीत सामना बघतायत. सात जणांचा संघ, वीस-वीस मिनिटांचे दोन डाव, बदली खेळाडू नाही. एखाद्याला दुखापत झाली तर समोरच्यानेही एक माणूस बाहेर बसवायचा.

निकाल: चेकोस्लोव्हाकिया १५-०, अमेरिका २-०, स्वीडन १२-१. गोलरक्षक वॉली बायरनने अख्ख्या स्पर्धेत एकच गोल खाल्ला. तोही फाल्कन्सनी स्वीडिश लोकांवर प्रेम जडल्यामुळे मुद्दाम होऊ दिला, असं इकडे हसत सांगतात. स्वीडिश माणसासमोर सांगू नका.

खरी लढत ती अमेरिकेविरुद्धची २-०. अमेरिकन संघातही काही कॅनडात जन्मलेले होतेच. त्या एका संध्याकाळी युरोपने पहिल्यांदा पाहिलं की हा खेळ किती वेगाने खेळता येतो.

---

गंपू_गणिती:

टोरांटोकर, तुमच्या पोस्टमध्ये एक सुरुंग पेरलेला आहे आणि तुम्ही त्यावरून चालत गेलात. २५ एप्रिलला कॅनडा-अमेरिका झाला ती होती उपांत्य फेरी! अंतिम सामना कॅनडा-स्वीडन. आणि अंतिम सामना खेळणाऱ्या स्वीडनला पदक कुठलं? कुठलंच नाही. चौथे आले.

कारण 'बर्गवाल पद्धत'. स्वीडनच्याच एरिक बर्गवाल यांच्या नावाची. तर्क असा: बाद फेरीत सोडतीचं नशीब चालतं, दुसरा सर्वांत चांगला संघ पहिल्याच फेरीत विजेत्यासमोर येऊन बाद होऊ शकतो. म्हणून आधी बाद फेरीने सुवर्णाचा निकाल लावायचा. मग सुवर्णविजेत्याकडून जे जे हरले त्या सगळ्यांची वेगळी छोटी स्पर्धा, तिचा विजेता रौप्य. मग सुवर्ण किंवा रौप्य विजेत्याकडून हरलेल्यांची आणखी एक, कांस्यपदकासाठी.

कागदावर अत्यंत न्याय्य. आता प्रत्यक्षात काय झालं पाहा.

स्वीडन: बेल्जियमवर ८-०, फ्रान्सवर ४-०, अंतिम सामन्यात कॅनडाकडून १-१२. मग रौप्यासाठी अमेरिकेकडून ०-७. मग कांस्यासाठी आधी स्वित्झर्लंडवर ४-०, नंतर चेकोस्लोव्हाकियाकडून ०-१. आठवड्याभरात सहा सामने, बदली खेळाडू नाहीत.

चेकोस्लोव्हाकिया: कॅनडाकडून ०-१५. अमेरिकेकडून ०-१६. आणि मग स्वीडनवर १-०. कांस्यपदक! अख्ख्या स्पर्धेत एक गोल केला, एकतीस खाल्ले. तो एक गोल योसेफ श्रॉउबेकचा.

मला ही पद्धत मनापासून आवडते. तिचं गणित अगदी स्वच्छ आहे. अमेरिकेला रौप्य मिळालं ते या पद्धतीमुळेच आणि ते रास्तच होतं. फक्त सोडत कशी निघाली यावर कोण किती दमणार हे ठरतं, ते तिने धरलं नाही.

---

प्राग_मुक्काम:

ते १-० आमच्याकडे शौर्यगाथा आहे, कृपया थट्टा नको. सगळा संघ गोलसमोर भिंत करून उभा होता म्हणतात. दमलेल्या स्वीडनला ती फुटली नाही.

स्वीडनची बाजूही सांगतो, कारण ती चेकांच्या १९०९ सारखीच आहे. स्वीडनमध्ये तेव्हा आइस हॉकी नव्हतीच, बँडी होतं. राऊल ल मा नावाचा अमेरिकन सिनेमावाला तिथे होता, त्याने आग्रह धरला की संघ पाठवा, तुमचे बँडीपटू शिकतील. गेले ते बहुतेक बँडीवाले. बर्लिनमध्ये खेळून आलेले नील्स मोलांडर यांच्यासारखे मोजके जाणकार. अँटवर्पनंतर दोन वर्षांनी स्वीडनमध्ये हॉकी संघटना झाली. आज स्वीडिश लीगचा चषक त्याच ल माच्या नावाचा आहे.

---

सांगलीचा_वाटाड्या:

अँटवर्प १९२० वाचलं आणि कान टवकारले. याच ऑलिंपिकमध्ये आपली माणसं होती! दोराबजी टाटांनी पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत मुलांना अनवाणी धावताना पाहिलं आणि संघ पाठवायचं मनावर घेतलं. त्या संघात फडेप्पा चौगुले, सदाशिव दातार, पैलवान कुमार नवले आणि रणधीर शिंदे. चौगुले मॅरेथॉनमध्ये १९ वे आले. शिंदे कुस्तीत चौथे, पदक थोडक्यात हुकलं.

म्हणजे आपल्या पैलवानांनी फाल्कन्सचा सामना पाहिला असेल का?

---

बर्फगोळा:

नाही हो वाटाडे, चुकामूक झाली. आइस हॉकी उरकली एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, मैदानी खेळ आणि कुस्ती ऑगस्टमध्ये. चौगुले अँटवर्पला पोचले तेव्हा फाल्कन्सची मिरवणूक विनिपेगमध्ये होऊनही महिने झाले होते. पण ऑलिंपिक एकच, हे खरंच. भारताची पहिली तुकडी आणि आइस हॉकी, दोघांचंही पदार्पण त्याच स्पर्धेत.

---

पेठेतला_पाटीवाला:

आता माझा मूळ आक्षेप घ्या. अँटवर्पला जर्मनी नव्हता. ऑस्ट्रिया नव्हता. युद्ध हरलेल्यांना आइस हॉकीच्या संघटनेतूनही काढून टाकलं होतं. जर्मनी परत आला तो १९२६ ला. म्हणजे युद्धाआधी युरोपात सतत वरच्या क्रमांकावर असणारा देश ज्या स्पर्धेत नाही, तिला 'पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा' म्हणायचं? आणि कॅनडा, अमेरिका सदस्य झाले कधी, तर स्पर्धा चालू असताना, अँटवर्पमध्येच भरलेल्या बैठकीत.

१९१२ ला प्रागमध्ये ऑस्ट्रिया सदस्य नव्हता म्हणून स्पर्धा रद्द. १९२० ला सुवर्ण आणि रौप्य मिळवणारे स्पर्धा सुरू होताना सदस्य नव्हते, तर ती चक्क जागतिक अजिंक्यपद. बर्फगोळा, तुमची ती 'नोंदवही' बघा एकदा.

---

प्राग_मुक्काम:

पाटीवाले, ही पोस्ट छापून बियरखान्यात लावतो. पहिल्यांदाच तुमच्याशी शंभर टक्के सहमत.

---

बर्फगोळा:

मुद्दा बिनतोड आहे. पण फरक इतकाच की १९१२ मध्ये तक्रार करणारा जर्मनी होता आणि १९२० मध्ये तक्रार करायला कुणी उरलंच नव्हतं. युरोपीय संघांना तर कॅनडा हवाच होता. नोंदवही तीच, लिहिणाऱ्यांच्या गरजा बदलल्या.

---

टोरांटोकर:

पुढचं थोडक्यात उरकतो, कारण पुढची काही वर्षं एकतर्फी आणि म्हणून जरा कंटाळवाणी आहेत.

१९२४, शामोनीचं हिवाळी ऑलिंपिक. कॅनडाकडून टोरांटो ग्रॅनाइट्स. चेकोस्लोव्हाकियावर ३०-०, स्वीडनवर २२-०, स्वित्झर्लंडवर ३३-०. एकट्या हॅरी वॉटसनचे तीसहून अधिक गोल. अंतिम सामना अमेरिकेशी, ६-१.

१९२८, सेंट मॉरिट्झचं हिवाळी ऑलिंपिक. टोरांटो विद्यापीठाचे माजी विद्यार्थी. संयोजकांनी आधीच हात जोडले आणि कॅनडाला थेट अंतिम फेरीत बसवलं, बाकीच्यांनी आपसात खेळून तीन जागा ठरवायच्या. तीन सामन्यांत ३८-०.

१९३० ची पहिली स्वतंत्र जागतिक स्पर्धा मात्र गमतीची. शामोनीला सुरू झाली आणि बर्फ वितळला. मग बाडबिस्तारा उचलून बर्लिनला, काही भाग व्हिएन्नात. जपानही आला होता. यावेळी कॅनडा एकच सामना खेळला, थेट शेवटचा. युरोपातून वर आलेल्या जर्मनीला बर्लिनमध्ये ६-१ ने हरवलं आणि जगज्जेते. एक सामना, एक अजिंक्यपद!

शेवटी १९३३ ला प्रागमध्ये हा प्रकार थांबला. टोरांटोच्या 'सी फ्लीज' संघाला अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स रेंजर्सनी जादा वेळेत २-१ ने हरवलं. जागतिक स्पर्धेतला कॅनडाचा पहिला पराभव, अँटवर्पनंतर तेरा वर्षांनी.

---

अबोली_सातारा:

३३-० मध्ये हरणाऱ्यांना काय वाटत असेल हो? मी असते तर दुसऱ्या दिवशी आलेच नसते.

---

लेहचा_पाहुणा:

अबोलीताई, ते येतात. लडाखमध्ये कामानिमित्त असताना गोठलेल्या तळ्यांवर हा खेळ पाहिलाय, म्हणून सांगतो. भारत महासंघाचा सदस्य १९८९ ला झाला, पण पुरुष संघ पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा खेळला २००९ मध्ये, अबू धाबीला, आशिया चॅलेंज चषक. मोठमोठ्या फरकाने हरले. बोहेमियाच्या शामोनीनंतर बरोबर शंभर वर्षांनी. आणि अडचण तीच, जी बर्फगोळा यांनी वर लिहिलीय: नैसर्गिक बर्फ दोन महिने, नंतर सराव बंद. महिला संघाने २०१७ ला बँकॉकमध्ये फिलिपीन्सला ४-३ ने हरवून पहिला विजय मिळवला. त्यातल्या बहुतेक मुली लडाखच्या.

बोहेमियासारखं दोन वर्षांत अजिंक्यपद आता शक्य नाही. तेव्हा सगळेच नवशिके होते, आता समोरचे शंभर वर्षं पुढे आहेत.

---

गंपू_गणिती:

१९३६ कुणी घेणार आहे की मी घेऊ? जर्मनीतलं हिवाळी ऑलिंपिक, गार्मिश-पार्टनकिर्शन. ब्रिटनला सुवर्ण! पुन्हा नियमांचाच घोळ आहे, त्यामुळे माझ्या खात्यात येतं.

---

टोरांटोकर:

घ्या घ्या. आम्हाला त्यावर बोलायला आजही आवडत नाही.

---

गंपू_गणिती:

तर ऐका. ब्रिटनच्या संघातले बहुतेक जण ब्रिटनमध्ये जन्मलेले, पण हॉकी शिकले कॅनडात. गोलरक्षक जिमी फॉस्टर ग्लासगोत जन्मला आणि वाढला कुठे, तर फाल्कन्सच्या विनिपेगमध्ये. प्रशिक्षक पर्सी निकलिन कॅनडाहून आणलेले. कॅनडाने आधी कुरकूर केली की फॉस्टर आणि ॲलेक्स आर्चर परवानगी न घेता गेले, नंतर स्पर्धेपुरता आक्षेप मागे घेतला. नडला तो मोठेपणा.

मधल्या फेरीत ब्रिटन २, कॅनडा १. विजयी गोल एडगर ब्रेंचलीचा. कॅनडाला वाटलं, अंतिम फेरीत पुन्हा गाठ पडेल तेव्हा बघून घेऊ. पण नियम असा होता की दोन संघ आधी एकमेकांशी खेळले असतील तर तोच निकाल अंतिम फेरीत धरायचा, पुन्हा सामना नाही. कॅनडाने तक्रार केली, फेटाळली गेली. पुढे ब्रिटनने अमेरिकेशी ०-० बरोबरी साधली आणि एका झटक्यात ऑलिंपिक, जागतिक, युरोपीय अशी तिन्ही अजिंक्यपदं खिशात.

---

पेठेतला_पाटीवाला:

म्हणजे ब्रिटनच्या नावाने विनिपेगची पोरं जिंकली. १९१० ला ऑक्सफर्डच्या कॅनेडियन पोरांचे निकाल धरले नव्हते. तेव्हा त्यांना ब्रिटिश जर्सी घालायला कुणी सुचवलं नाही, एवढंच.

---

टोरांटोकर:

पाटीवाले, तुम्हाला बियर माझ्याकडूनही लागू. ब्रेंचलीचा जन्म मात्र केंटचा, तेवढं लक्षात असू द्या.